वस्त्राचे सोवळे

पूजेस बसताना नेसावयाचे सोवळे आमच्या घरी स्वतंत्र दोरीवर वाळत असते. त्यास कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून लहानपणी मला त्या खोलीत धावण्याची बंदी होती. वस्त्र शुद्ध की अशुद्ध, हे ते कशास लागले यावर ठरते, हा विचार अशा रीतीने कोणी न शिकविताच माझ्या मनात मुरला. परंतु आमच्या दोरीवर येण्यापूर्वी ते कापड कशाकशास लागून आले, हे मात्र कोणी विचारीत नसे.

हा प्रश्न मला नित्य आरतीस येणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांमुळे पडला. तरुणपणी ते इंदूरच्या एका मिलमध्ये साचा खात्यात होते. सूत तुटू नये म्हणून तेथील हवा दमट राखीत. कापसाचे बारीक तंतू श्वासावाटे छातीत जात. आणि साच्यांच्या गोंगाटात माणसे एकमेकांचे बोलणे ओठांवरून ओळखीत. "नाल्याकडे पाहिले की आज कोणता रंग चालू आहे ते कळे," असे ते हसत सांगतात. मला त्या वेळी हसू आले नाही.

कारण नाल्याचे पाणी कान्ह नदीस जाते, कान्ह उज्जैनजवळ त्रिवेणीस क्षिप्रेला मिळते, आणि त्याच क्षिप्रेत आपण पर्वकाळी स्नान करतो. पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारास १९१८ साली जो नगररचनेचा अहवाल दिला, त्यात नद्या व घाट स्वच्छ राखण्यावर भर होता. पुढे २०१६ च्या सिंहस्थासाठी कान्हचे पाणी नळातून वळवून स्नानघाटांच्या खाली सोडावे लागले. मिल बंद पडल्या तरी नदी निर्मळ झाली नाही, कारण घरोघरचे सांडपाणी व इतर कारखाने होतेच. तेव्हा सर्व दोष मिलांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही.

शिवाय या मिलांनीच शहर पोसले. काचमंदिर बांधणारे सर सेठ हुकुमचंद १९५९ साली निवर्तले. त्यांच्या नावाची मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. ५,८९५ कामगारांचे देणे थकले. त्यासाठी २२४ कोटी रुपयांचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे बत्तीस वर्षांनी. तोवर कित्येक कामगार वारले होते आणि त्यांच्या वारसांनी पैसे घेतले. (माझा तर जन्मही मिल बंद झाल्यानंतरचा.) मनुष्य ऋण घेऊन जन्मतो असे आपण मानतो व देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण मोजतो. मग ज्याच्या छातीतील धुळीने आपले अंग झाकले, त्याचे ऋण कोणत्या खात्यात मांडावे? आणि ऋणको गेल्यावर नव्हे, धनको गेल्यावर फेडलेले ऋण फिटले म्हणावे काय?

हे मी वडिलांपुढे मांडले तेव्हा ते म्हणाले, "अरे, असे शोधीत बसलास तर देवाला नेसवायला वस्त्रच उरणार नाही." हा आक्षेप खरा आहे. आपल्या अंगातील गंजी ज्या तिरुप्पूरहून येते, तेथे रंगाच्या पाण्याने नोय्यल नदी नासली, आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयास रंगाई कारखाने बंद करण्याचा हुकूम द्यावा लागला. त्या हुकुमाने हजारो हातांचे कामही गेले. निर्दोष कापड कोठे मिळेल, हे मलाही सांगता येणार नाही. परंतु सोवळे तरी कोठे पूर्णत्व मागते? जपता येईल तितके जपा, एवढेच ते मागते. आणि दिसत नाही ते लागलेच नाही, असे समजण्याची सवलत ते देत नाही. दोरीजवळ धावणाऱ्या मुलास अडविण्याइतकी दक्षता जर आपल्यात आहे, तर तिने घराच्या उंबऱ्याशीच का थांबावे?

नवरात्रापूर्वी देवीसाठी कापड घ्यावयास आम्ही महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटात गेलो. दुकानदाराने पन्हा सांगितला, भाव सांगितला, रंग पक्का असल्याची हमी दिली. हे रंगविले कोठे, असे मी विचारताच त्याने ठाण उलटून शिक्का पाहिला. त्यावर केवळ व्यापाऱ्याचा क्रमांक होता. वडिलांनी कापड घेतले. परतताना बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पुढल्या वेळी महिनाभर आधी निघू. चार दुकाने विचारता येतील."