त्यांना विचारले का?



१५३७ साली पोप तिसरे पॉल यांनी जाहीर केले की, अमेरिकेतील मूळ रहिवासी ही खरीखुरी माणसे आहेत. ती ख्रिस्ती नसली तरी त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता कोणी हिरावून घेऊ नये. पत्रक चांगलेच होते. तरी प्रश्न पडतो, हे ठरवायला युरोप न्यायासनावर बसला कसा?

कॅनडातील निवासी शाळांची कथा अधिक बोचणारी. मूळ रहिवाशांच्या मुलांना अमर आत्मा आहे हे तिथे मान्यच होते. मुलांचे भलेच करायचे होते! सरकारच्या पैशावर चाललेल्या या शाळांपैकी अनेक आपल्या ख्रिस्तसभेच्या संस्था चालवत. १,५०,००० हून अधिक मुले आईबापांपासून तोडली गेली. त्यांचे केस कापले, मातृभाषा बोलल्यास शिक्षा केली. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी मास्क्वासिस येथे जाऊन क्षमा मागितली.

माणसाला केवळ साधन मानू नये, असे कांट सांगतो. पण आपल्या चांगुलपणाचे साधन म्हणूनही माणूस वापरला जातो. दया करताना कोणाला विचारावे लागत नाही. मान राखायचा तर विचारावे लागते, नकारही ऐकावा लागतो.

आपल्या वसई-पालघर भागात नाताळला वारली पाड्यांवर कपडे, धान्य जाते. जरूर जावे. मात्र वाडीत काम करणाऱ्या साठीच्या वारली आजोबांना आपली शाळकरी मुले ‘अरे’ म्हणून हाक मारतात, आणि पाड्याला काय हवे ते आपणच सभेत ठरवतो. यंदाची सभा पाड्यावरच घ्यावी. त्यांनी ‘काही नको’ म्हटले, तर तेही इतिवृत्तात लिहावे.