गाणाऱ्याला कोण विचारतं?



दिग्रसच्या जिनात दिवसभर कापूस वाहायचा. नाकातोंडात रुई, कानात मुकादमाची जातीवरची शिवी. रात्री वस्तीत पेटी-खंजेरी निघते. चार जण भीमगीत म्हणतात, मागचे चाळीस उचलून धरतात आणि छातीवरचा धोंडा हलतो. शिवी पुसली जात नाही. पण ती माझ्या एकट्याची राहत नाही.

परवा एक कार्यकर्ता दोस्त म्हणाला, "गाण्यानं डोकं थंड होते गड्या. आपल्याले तर डोकं गरम पाह्यजे." मी गप्प बसलो. सवाल खराच आहे. कला मनाला आराम देते, म्हणजे ती बंडाला अफू पाजते काय?

मला वामनदादा कर्डक आठवले. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले, मोठेपणी अक्षरं शिकले, २००४ साली गेले. जन्मभर गावोगाव बाबासाहेब गात फिरले. ते ऐकून माणसं झोपली नाहीत, ताठ उभी राहिली. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या नीच म्हटलं, तो शेवटी स्वतःच स्वतःला नीच मानू लागतो. आपल्या मनाचा खरा रोग हाच. गाणं नेमका त्यावर घाव घालतं. आणि रात्रभर तळमळलेला माणूस सकाळी मोर्चात किती चालणार?

पण मग विलास घोगरे? ११ जुलै १९९७ ला मुंबईत, घाटकोपरच्या रमाबाई नगरात, बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. चार दिवसांनी या शाहिरानं स्वतःचा जीव दिला. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड' या २०११ च्या चित्रपटात ही कहाणी आहे. त्या मरणाला मी शौर्य म्हणणार नाही, पळपुटेपणा तर नाहीच नाही. पण हजारोंना धीर देणारं गाणं शाहिराला स्वतःला पुरत नाही, हे त्यानं मला शिकवलं. गाणं गर्दीला धरून ठेवतं. गर्दी पांगते, पेटी बंद होते, शाहीर एकटाच घरी जातो. सगळ्यांचं दुःख त्याच्यासोबत जातं.

म्हणून जयंतीला त्याला हार घाला, बिदागी द्या. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या दारातही जा. झोप लागते काय, घरात पीठ आहे काय, विचारा. गरज पडली तर मनाच्या डॉक्टरकडं न्या. त्यात लाज कायची?

मीही कविता लिहितो. वाचून झाली की तुम्ही टाळ्या वाजवता. कधीतरी मले पण विचारा, "कसा आहेस बाप्पा?"

जयभीम.