रूपावर उपाय

मनुष्याने आपल्या रूपात बुद्ध्या फेरफार करावा की न करावा, हा वाद वाचकांस जुना वाटेल. आमच्या घरी मात्र तो गेल्या वर्षी दातांच्या निमित्ताने नव्याने उभा राहिला, आणि उभा राहताच घरातील मंडळींत दोन तट पडले.

आमची पुतणी जालना जिल्ह्यातील एका लहान खेड्यात वाढली. गावास पाणी विंधनविहिरीचे. तिच्या पुढच्या दातांवर लहानपणापासून तपकिरी डाग, आणि मधून मधून खडूसारखे पांढरे पट्टे. हसू आले की उजवा तळहात आपोआप तोंडावर जाई. लग्न ठरले तेव्हा तिने जालन्यास येऊन दात सुधारून घेण्याचा मनोदय सांगितला. दंतवैद्य हल्ली या कामास 'स्माईल डिझायनिंग' म्हणतात, म्हणजे हसण्याची आधी आखणी आणि मग बांधणी. तिच्या आजीने एका वाक्यात निकाल दिला, "राजूरचा गणपती एकदंत आहे, त्याला कोणी दात बसवला का?" आम्ही आजीच्याच बाजूचे होतो, किंबहुना त्या बाजूचे पुढारीपण आम्हीच पत्करले होते.

आधारास आम्ही समर्थांस बोलाविले. ते तर आमच्याच जिल्ह्याचे. ज्या जांब गावी १६०८ साली त्यांचा जन्म झाला, ते आज जालना जिल्ह्यात मोडते. दासबोधाच्या चौदाव्या दशकात त्यांनी स्पष्ट सांगितले आहे की, रूप आणि लावण्य अभ्यासाने मिळत नाही, उपजत गोष्टीवर उपाय चालत नाही. यास्तव मिळविता येतील अशा गुणांची कास धरावी. एवढे वाचून दाखवून आम्ही ग्रंथ मिटला. पुतणी शांतपणे म्हणाली, "काका, त्या काळी उपाय नव्हता म्हणून ते तसे म्हणाले असतील. आता आहे."

उत्तर उद्धट नव्हते, आणि खोटेही नव्हते. ज्या उपदेशाचे एक कारण 'उपाय चालत नाही' हे आहे, तो उपदेश उपाय सापडल्यावर कितपत उरतो? आम्हांस ग्रंथ पुन्हा उघडावा लागला. या खेपेस दुसऱ्या दशकातील मूर्खलक्षणांवर दृष्टी गेली. ज्याचे दात, डोळे, नाक, हात, वस्त्र आणि पाय सदा मळलेले असतात, त्यास समर्थ मूर्खांत गणतात. तेथे दोष मळाचा आहे. मळ आपल्या आळसाने साचतो आणि आपल्याच हाताने निघतो. पण डाग आणि मळ एक नव्हेत, आणि आमच्या पुतणीचे सारे दुःख या दोहोंतील भेद कोणी पाहत नाही यातच होते. तिला पाहावयास आलेल्या एका गृहस्थांनी चहा घेता घेता विचारले होते, "मुलगी मिश्री लावते काय?" तिने आयुष्यात मिश्रीस बोट लावलेले नाही.

या डागांचा इतिहास आता चांगलाच ठाऊक झालेला आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी फ्रेडरिक मॅके नावाच्या दंतवैद्यास १९०१ साली गावच्या लोकांच्या दातांवर असेच डाग दिसले. दोष पाण्यातील फ्लोराईडचा, हे कळावयास १९३१ साल उजाडले. आपल्या देशात नेल्लोर भागातील या विकाराचे वर्णन १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडील मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम फ्लोराईड ठीक, आणि दुसरा झराच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. पक्के दात हिरड्यांत घडत असताना, म्हणजे साधारण पहिल्या आठ वर्षांत, याहून पुष्कळ अधिक पोटात गेले की दाताचे कवच कच्चे राहते. मग कितीही घासा, डाग जात नाही. मराठवाड्यात उथळ विहिरी आटल्या की लोक खोल जातात, आणि काही ठिकाणच्या खोल पाण्यात हा क्षार अधिक असतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहराने जायकवाडीच्या पाण्याची वाट पाहिली, खेड्यांनी टँकरची. गावाच्या पाण्याचा दोष मुलीच्या वागणुकीच्या खाती मांडला जावा आणि तो पुसण्याची तिने इच्छा केली तर आम्ही तिला नटवी म्हणावे, हा न्याय आम्हांस पेलवेना.

तरी आमचे सगळेच म्हणणे चुकीचे होते असे नाही. पांढरेशुभ्र दात हेच सुंदर, हेही कोठे निसर्गाने ठरविले आहे? आपल्याकडे एके काळी सुवासिनी दातवण लावून दात काळे करीत, आणि ते शोभेचे मानले जाई. जपानात सरदार घराण्यांतील दात काळे करण्याची चाल बंद करण्यास १८७० साली सरकारी हुकूम काढावा लागला. डाग झाकणे निराळे, आणि जाहिरातीतील दात आपल्या तोंडात बसविणे निराळे.

हा फरक आम्हांस ग्रंथापेक्षा दंतवैद्याच्या खुर्चीजवळ अधिक स्पष्ट दिसला. लग्नास दोन महिने होते. पुतणीच्या मामांची इच्छा अशी की, पुढच्या आठ दातांवर चिनीमातीचे पातळ पापुद्रे चढवून लग्नापूर्वी सारे उरकावे. दंतवैद्याने आधी हिरड्या तपासल्या, दात साफ केले, छायाचित्रे घेतली. मग म्हणाला, पापुद्रा बसविण्यास बहुधा दाताचे कवच थोडे तासावे लागते आणि तासलेले कवच पुन्हा येत नाही. शिवाय पापुद्रे जन्मभर टिकत नाहीत, काही वर्षांनी बदलावे लागतात, आणि मुलगी तेवीस वर्षांची आहे. त्याची योजना निराळी होती. वरचा डागळलेला थर अगदी थोडा घासावयाचा, मग दात उजळावयाचे, त्यानंतर दोन आठवडे थांबावयाचे, कारण लगेच काही चिकटविले तर ते नीट धरत नाही. आणि एवढे करून जे डाग उरतील त्यांवरच दाताच्या रंगाचा लेप द्यावयाचा. उजळताना पांढरे पट्टे काही दिवस अधिकच उठून दिसतील, हेही त्याने लपविले नाही. यास चार महिने लागतील, असे त्याचे मत पडले.

मामा म्हणाले, "मग लग्नातल्या फोटोंचे काय?" पुतणीने उत्तर दिले, "फोटोत मी तोंड मिटून हसेन." उपचार तिने स्वतःसाठी मागितला होता की पाहणाऱ्यांसाठी, याविषयी आमच्या मनात जो संशय होता तो तेथेच फिटला. रंगाच्या नमुन्यांची पट्टी पुढे आली तेव्हा मामांचे बोट सर्वांत पांढऱ्या नमुन्यावर गेले. तिने आपल्या आईस जवळ बोलाविले, तिच्या दातांशी पट्टी लावून पाहिली, आणि त्याच्याशी जुळणारा किंचित पिवळसर नमुना निवडला. आईचे बालपण दुसऱ्या गावी, नदीच्या पाण्यावर गेलेले.

राहता राहिला प्रश्न वराकडील मंडळींस सांगण्याचा. आमच्या तटातील काहींचे म्हणणे, बोलून दाखवू नये. पुतणीने त्याच रात्री मुलास फोन करून सारे सांगितले. डाग कशाने पडले, ते वंशपरंपरेने येत नाहीत, हेही सांगितले. तो म्हणाला, मला वाटले तुला हसायलाच आवडत नाही.

निघताना दंतवैद्याने सहज विचारले, घरात लहान मूल कोण आहे? पुतणीच्या थोरल्या भावाची मुलगी दोन वर्षांची आहे. तिचे पक्के दात अजून हिरड्यांत घडताहेत. परतीच्या बसमध्ये बराच वेळ कोणी बोलले नाही. मग पुतणीने विचारले, "काका, पाणी तपासायला द्यायचे तर बाटली केवढी लागते?"