तक्रारखोर

मे महिन्यातल्या दुपारी अकोल्यात कोणी कोणाचं दार वाजवत नाही. पारा 45च्या पुढे सरकलेला, रस्ते ओस, घराघरांतून कूलरची घरघर. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले अण्णा मात्र नेमके याच वेळी सोसायटीचे कागद घेऊन कॉम्प्युटरपुढे बसायचे. सचिव होते, ऑडिट तोंडावर आलं होतं, आणि त्यातच तो कॉम्प्युटर चालता चालता फट्‌दिशी बंद पडायला लागला. आधी कसली सूचना नाही, काही नाही. पडदा काळा आणि आतला पंखा गप्प.

पहिल्या खेपेला गेलं ते कमिटीच्या सभेचं इतिवृत्त. त्यात एक ठराव होता: वरच्या मजल्यावरच्या सरांची छताच्या गळतीविषयीची पत्रं यापुढे आवक नोंदवहीत घेऊ नयेत. सर दर महिन्याला एक पत्र देत, तेही वळणदार अक्षरात, तारीख-वारासकट. कमिटी विटली होती.

पुण्याहून मुलानं फोनवर निदान केलं, व्हायरस असणार, फॉरमॅट मारून घ्या. दुकानदारानं फॉरमॅट मारला. दोन दिवस कॉम्प्युटर गुणी बाळासारखा चालला. त्या दोन दिवसांत आभाळ भरून आलं होतं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. ऊन पडलं आणि पहिले पाढे पंचावन्न. मग पॉवर सप्लाय बदलून झाला. शेवटी दुकानदार म्हणाला, ‘‘मदरबोर्ड गेला, काका. आता नवीनच घ्या.’’ यातला एकही अंदाज तसा वेडगळ नव्हता. पॉवर सप्लाय खराब झाला तरी कॉम्प्युटर असाच बंद पडतो. पण तो केव्हा बंद पडतो, हे कोणी विचारलं नव्हतं.

ते विचारलं माईंनी, तेही वैतागून. ‘‘सकाळी तं बरा चालते. दुपारीच कायले मरते हा?’’

अण्णांची सारी नोकरी गाड्यांच्या वेळा लिहिण्यात गेली होती. त्यांनी जुनी डायरी काढली आणि रकाने आखले. सकाळी सातला सुरू केला, अडीच तास चालला. दुपारी दोनला सुरू केला, वीस मिनिटांत बंद. लगेच पुन्हा सुरू केला, चार मिनिटांत बंद. तासभर थांबून सुरू केला, पुन्हा वीस मिनिटं. आठवड्याभरात पान भरलं आणि ते पान एकच गोष्ट सांगत होतं. व्हायरसला सकाळ-दुपार कळत नाही.

अमरावतीला पॉलिटेक्निकला असलेल्या नातीनं फोनवर पुढची परीक्षा सुचवली. ‘‘आजोबा, सुरू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा आणि नुसते बसून राहा. तिथं विंडोज सुरूच झालेलं नसतं. तरीही बंद पडला तर विंडोजचा दोष नाही. तिथं प्रोसेसरचं तापमान दिसेल, ते लिहून काढा.’’

अण्णा डायरी घेऊन बसले. 78. 84. 91. मग पडदा काळा.

‘‘तो बिघडला म्हणून बंद पडत नाहीये,’’ नात म्हणाली. बहुतेक प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास आधी आपला वेग कमी करतात. तेवढ्यानं भागलं नाही आणि उष्णता वाढतच राहिली, तर जळून जाण्याआधी स्वतःला बंद करून घेतात. बायोसमधला आकडा बोर्डावरच्या सेन्सरचाही असू शकतो, त्यामुळे तो थोडा मागेपुढे असतो. शिवाय पंखा वारा घालतो तो खोलीतल्याच हवेचा. खोली 42 अंशांवर असली की यंत्राचा चढही तिथूनच सुरू होतो.

त्याच पडद्यावर अण्णांना आणखी एक ओळ दिसली होती. त्यांनी ती अक्षरं लावून वाचून दाखवली: सीपीयू फॅन वॉर्निंग, डिसेबल्ड.

‘‘हे कोणी बंद केलं?’’

दिवाळीत मुलानं. त्याआधी कितीतरी महिने रोज सकाळी पडद्यावर यायचं, सीपीयू फॅन एरर, पुढे जाण्यासाठी एफ वन दाबा. अण्णा एफ वन दाबत आणि कामाला लागत. मुलानं ते पाहिलं आणि दोन मिनिटांत कटकट मिटवली.

‘‘बाबा, तुम्हाला रोज ते बटण दाबावं लागायचं म्हणून केलं मी,’’ तो फोनवर म्हणाला.

‘‘अरे, आमच्या डेपोतल्या एका ड्रायवरनं तापमानाच्या काट्यावर कागद चिकटवला होता. काटा दिसला का मनाले घोर लागते म्हणे. गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडे वाफा सोडत उभी राहिली.’’

मुलगा हसला. अण्णा हसले नाहीत. रोज एफ वन दाबणारं बोट त्यांचंच होतं.

कॅबिनेट टेबलाच्या खालच्या कप्प्यात होतं आणि कप्प्याचं दार लावलेलं. धूळ जाऊ नये, ही माईंची काळजी. तरी धूळ गेलीच होती, आणि बाहेर फेकलेली गरम हवा तिथंच कोंडून पंखा तीच पुन्हा ओढत होता. बाजूचा पत्रा काढला तेव्हा पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर राखी रंगाचा जाड थर दिसला, नखानं उचलला तर अखंड निघेल असा. त्यात कापसाचे तंतू होते, उदबत्तीची राख होती, माईंचा एक केसही होता. पंखा फिरत होता. वारा मात्र त्या थराच्या वरच अडत होता. अण्णांनी पंख्याचं पातं बोटानं धरून नव्या ब्रशनं सगळं झाडलं. प्रोसेसरवरच्या थर्मल पेस्टचा खडू झाला होता. नातीनं सांगितल्याप्रमाणे ती पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली आणि चारही पिना टक्‌ वाजेपर्यंत दाबल्या. पंख्याची धाव कमीच होती, म्हणून तोही नवा आणला. कप्प्याचं दार बिजागरीसकट काढून टाकलं.

दुपारी दोन वाजता बायोसमध्ये आकडा 57वर थांबला. अण्णांनी फॅनची वॉर्निंग पुन्हा चालू केली.

‘‘आता कायले? नीट झाला ना?’’ माईंनी विचारलं.

‘‘नीट आहे तोवर ते काही म्हणणार नाही. असू दे.’’

मग ते इतिवृत्त पुन्हा टाइप करायला बसले. हजेरी, मागील सभेचा वृत्तांत, पाण्याच्या मोटरचा खर्च. चौथ्या ठरावावर आले आणि हात थांबला. कपाटातून सरांच्या पत्रांची फाइल काढली. इतकी पत्रं त्यांनी घेतली होती, पोचही दिली होती. वाचत मात्र आज होते. प्रत्येक पत्रात सरांनी लिहिलं होतं, पाऊस सुरू झाल्यावर किती वेळानं गळती लागते आणि थांबल्यावर किती वेळ चालते. शेवटच्या तीन पत्रांत तर स्पष्ट म्हटलं होतं की गच्चीवरच्या पाइपचं तोंड तुंबलं असावं, पण गच्चीला कुलूप असल्यानं बघता येत नाही.

पावसाला फार दिवस उरले नव्हते. अण्णा उन्हातच वर गेले.

सरांनी दार अर्धंच उघडलं. हातातली फाइल बघून म्हणाले, ‘‘पत्रं परत द्यायला आलात?’’

‘‘नाही सर. गच्चीची किल्ली आणली आहे. चला, तुम्हीच दाखवा.’’