चुकलेल्या दिवसाचं काय?

गेल्या उपवासकाळात आमच्या भागातल्या एका युवा शिबिरात पाहुण्या वक्त्याने मुलामुलींना एक छापील तक्ता वाटला. पहाटे पाचला उठणं, बायबलचा एक अध्याय, वीस मिनिटं प्रार्थना, व्यायाम आणि मोबाइलला हात न लावता दिवसाचा पहिला तास, असे पाच रकाने. प्रत्येकापुढे एकवीस चौकटी. रोज रात्री खुणा करायच्या आणि तक्त्याचा फोटो गटावर टाकायचा. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्या चौकटीपासून सुरुवात. एकवीस दिवसांत सवय लागते आणि सवयी बदलल्या की ख्रिस्ती माणूस घडतो, हे वक्त्याचं सूत्र. भाषणाची चित्रफीत वसईपासून नगरपर्यंत फिरली आणि दोन तट पडले. एकाने हे सूत्र डोक्यावर घेतलं. दुसरा म्हणाला, प्रार्थनेला हजेरीपट कसला लावता, मनातून येईल तेव्हाच गुडघे टेकावेत. मला दोन्ही तटांशी भांडायचं आहे. पहिल्याशी जास्त, कारण त्या सूत्राचा परिणाम मी एका मुलीच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

ती बारावीत होती. अर्ध्याहून अधिक चौकटी तिने नेमाने भरल्या. मग आजीला रुग्णालयात ठेवावं लागलं, ही रात्रभर तिच्या उशाशी बसली आणि सकाळी घरी येऊन झोपली. चौकट रिकामी राहिली, गटावर फोटो गेला नाही. तिला कोणी काही बोललं नाही, पण बाकीच्यांचे फोटो रोज येत राहिले. रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर ती म्हणाली, “सर, माझं परत एकपासून आहे. आता नकोच वाटतं.” आजीसाठी जागवलेल्या रात्रीला त्या तक्त्यात रकानाच नव्हता. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात येशू अखेरच्या न्यायाचं वर्णन करतो, तिथे आजाऱ्याच्या भेटीचा हिशेब मागितला जातो. ज्या तक्त्यात ती भेट बसत नाही, त्याला ख्रिस्ती म्हणायचं कशाच्या आधारावर?

एकवीस या आकड्याचा निकाल लवकर लागतो. तो प्रसिद्ध झाला मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकातून. शस्त्रक्रियेनंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातला ‘निदान’ पुढच्या भाषणबाजांनी गाळला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या साध्या सवयी बारा आठवडे तपासल्या. त्यावरून बांधलेल्या अंदाजात कृती अंगवळणी पडायला लागणारा काळ 18 पासून 254 दिवसांपर्यंत निघाला, मध्य 66. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही, हेही त्यांना दिसलं. म्हणजे ‘पुन्हा एकपासून’ या नियमाला त्या संशोधनात आधार नाही.

पण आकडा दुरुस्त करून, एकवीसच्या जागी सहासष्ट चौकटी छापून माझं समाधान होणार नाही. माझा वाद त्या सूत्राशी आहे, आणि हा वाद सोळाशे वर्षांचा आहे. ब्रिटनहून रोमला आलेला पेलागियस हा कडक शिस्तीचा साधक. त्याच्या भोवतीच्या ख्रिस्ती समाजात नावापुरता धर्म उरला होता आणि ते पाहून तो कळवळत होता. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याच्या ‘कन्फेशन्स’मध्ये एक मागणं आहे: देवाने हवी ती आज्ञा करावी, पण ती पाळण्याचं बळही त्यानेच द्यावं. कोणीतरी ते पेलागियसला ऐकवलं आणि तो भडकला. माणसाने ठरवलं तर त्याला जमतं, अशी त्याची श्रद्धा. जमत नसेल तर पुरेसं ठरवलं नाही, हा तिचा उलटा अर्थ, आणि तो थेट त्या बारावीतल्या मुलीपर्यंत पोचतो. पेलागियसची कळकळ मला मान्य आहे. शिबिरातल्या वक्त्याचीही आहे. तरी या भांडणात मी ऑगस्टीनच्या बाजूचा.

कारण सवय आतून कशी असते हे त्याच्याइतकं बारकाईने लिहिणारा दुसरा ख्रिस्ती लेखक मला माहीत नाही. ‘कन्फेशन्स’च्या आठव्या भागात तो स्वतःच्या बंधनाची कडी न् कडी मोजतो: वाकड्या इच्छेतून वासना, वासनेच्या चाकरीतून सवय, सवयीला विरोध न केल्याने सक्ती. सहाव्या भागात त्याचा मित्र अलिपियस येतो. हा रोमला कायदा शिकायला गेलेला, ग्लॅडिएटरांच्या खेळांचा तिरस्कार करणारा तरुण. जेवून परतणारे मित्र त्याला ओढून आखाड्यात नेतात. शरीर न्याल, मन कसं न्याल, असं त्यांना बजावून तो डोळे मिटून बसतो. मग गर्दीतून एक आरोळी उठते. काय झालं ते नुसतं पाहावं आणि तुच्छ मानून सोडून द्यावं, इतक्या भरवशावर तो डोळे उघडतो. रक्त दिसतं आणि नजर हलत नाही. पुढे तो इतरांना ओढून नेऊ लागतो. एकच रील पाहून फोन ठेवतो म्हणणाऱ्या मुलांना मी हीच गोष्ट सांगतो. दुसरी सांगावी लागत नाही.

दहाव्या भागात तर बिशप झालेला ऑगस्टीन लिहितो की शेतात सशामागे धावणारं कुत्रं दिसलं तरी त्याचं चित्त तिकडे जातं; घरात बसल्या जागी पाल माशा धरू लागली तरी तो पाहत राहतो. बाप्तिस्म्याला दहाएक वर्षं झालेला, मंडळीची धुरा वाहणारा माणूस हे देवापुढे लिहून ठेवतो. प्रार्थनेत लक्ष लागत नाही म्हणून स्वतःला नालायक ठरवणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलामुलींना हे पान कोणी दाखवतं का?

मला सगळ्यात मोलाची वाटते ती नवव्या भागातली ऑगस्टीनच्या आईची, मोनिकाची गोष्ट. आमच्याकडे घरोघरी मोनिका आहेत, पण संत मोनिकाची लहानपणची खोड किती जणींना ठाऊक असेल? तिच्या माहेरी एक म्हातारी दासी होती. तिने मोनिकाच्या वडिलांना ते तान्हे असताना पाठीवर खेळवलं होतं, म्हणून घरात तिचा मान मोठा. मुलींना जेवणाव्यतिरिक्त ती पाणीसुद्धा पिऊ देत नसे. उद्या लग्न होऊन कोठाराच्या किल्ल्या हातात येतील तेव्हा पाणी नकोसं होईल आणि पिण्याची सवय तेवढी राहील, असं तिचं म्हणणं. नियम कडक, हेतू चांगला, देखरेख चोख. तरीही पिंपातून द्राक्षारस काढायला पाठवलेली मोनिका एक दिवस ओठ लावून चव घेते. पिण्याच्या ओढीने नव्हे, नुसत्या पोरवयाच्या उमाळ्याने. रोज थोडं, त्यात आणखी थोडं, असं करत जवळजवळ भरलेले पेले रिचवण्यापर्यंत मजल जाते.

ती खोड म्हातारीच्या नियमाने सुटली नाही. पिंपापाशी सोबत जाणाऱ्या तरुण दासीशी मोनिकाचं एकदा भांडण झालं आणि दासीने तिला दारुडी म्हणून हिणवलं. ते वर्मी लागलं. मोनिकाने स्वतःकडे पाहिलं आणि तिथेच पिणं टाकलं. ऑगस्टीन दासीला श्रेय देत नाही. तिला दुखवायचं होतं, सुधारायचं नव्हतं. तो म्हणतो, एका माणसाच्या रागातून देवाने दुसरं माणूस बरं केलं.

यातून मला दिसतं ते असं. म्हातारीची नजर जाईल तिथपर्यंतच तिचा नियम चालला. दासीने मात्र मोनिकाला चुकताना पाहिलं होतं. गटावर टाकलेल्या फोटोंत आपण फक्त केलेल्या खुणा दाखवतो. तिथे शंभर जण पाहतात आणि कोणालाच आपण दिसत नाही. तरुण ख्रिस्ती माणसाला हवा असतो आपली चूक माहीत असलेला कोणीतरी, आणि तो दासीपेक्षा प्रेमळ असावा.

आता दुसऱ्या तटाकडे वळतो. मनातून येईल तेव्हाच प्रार्थना, हे ऐकायला शुद्ध वाटतं. पण लूकच्या चौथ्या अध्यायात येशू शब्बाथ दिवशी सभास्थानात जातो तो त्याच्या परिपाठाप्रमाणे. दानिएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे आणि राजाची बंदी आल्यावरही त्याने ते थांबवलं नाही. आमच्या घरांतून संध्याकाळची रोझरी टीव्ही मालिकांपुढे हरली, तेव्हा लोकांची श्रद्धा नाहीशी झाली नव्हती. एकत्र बसण्याची वेळ तेवढी गेली होती. ती गेल्यावर श्रद्धेला घरात टेकायला जागा राहिली नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचावं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. नवऱ्याने धर्म बदलल्यावरही सोवळं सांभाळणाऱ्या त्या बाईचा मधला प्रवास वाचला की कळतं, धर्माचा निर्णय पंक्तीत आणि पाण्याच्या भांड्यापाशीही करावा लागतो. शरीराला वगळून नुसत्या मनाने कोणी ख्रिस्ती होत नाही.

म्हणून तक्त्यालाच नावं ठेवावीत असं मला वाटत होतं, ते आता वाटत नाही. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या 1548 साली छापलेल्या पुस्तकात चक्क एक तक्ता आहे. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी दोन रेषा, आणि दिवसागणिक त्या आखूड होत जातात. साधकाने एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच त्यापासून जपायचं ठरवायचं. दुपारच्या जेवणानंतर तासातासाचा आढावा घेऊन जितक्यांदा चुकलो तितकी टिंबं पहिल्या रेषेवर द्यायची आणि रात्रीच्या जेवणानंतर तसंच दुसऱ्या रेषेवर. मग रेषेशी रेष, दिवसाशी दिवस, आठवड्याशी आठवडा ताडून पाहायचा.

फरक दोन ठिकाणी आहे आणि तो मुळातला आहे. इग्नेशियस पडणं मोजतो. टिंबांनी भरलेला सोमवार मंगळवारशी ताडून पाहायचा असतो. त्याच्यामुळे आठवडा रद्द होत नाही. पुन्हा पहिल्यापासून, असं तो कुठेही सांगत नाही. दुसरं, दिवसभरात जेव्हा जेव्हा चूक होईल तेव्हा छातीवर हात ठेवून खेद करावा, आणि चारचौघांतसुद्धा कोणाच्या लक्षात न येता हे करता येतं, असं तो लिहितो. याशिवाय रोजच्या सर्वसाधारण आत्मपरीक्षणाची त्याची पहिली पायरी आहे मिळालेल्या कृपादानांबद्दल आभार. दोष पाहणं त्याच्यानंतर येतं आणि तेही ते दिसण्यासाठी कृपा मागून. पेलागियसला नको होतं ते मागणं इथे रोजच्या शिस्तीत बसलेलं आहे. तक्त्याशी असलेलं माझं भांडण इथे मिटतं. सलगतेच्या पूजेशी आणि फोटोंच्या प्रदर्शनाशी असलेलं मिटत नाही.

पण एकट्याने टिंबं देण्यावरही मी थांबणार नाही, कारण मोनिकाला सोडवलं ते दुसऱ्या माणसाने. 1742 साली ब्रिस्टलमध्ये जॉन वेस्लीच्या अनुयायांवर प्रार्थनागृहाचं कर्ज होतं. बारा-बारा जणांचे गट करून प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी गोळा करायची, असं ठरलं. गटप्रमुख पैसे मागायला घरी जाऊ लागले आणि कोण पितं, कोण बायकोशी भांडतं, हे त्यांना दिसू लागलं. कर्जवसुलीची ही व्यवस्था एकमेकांना सांभाळण्याची व्यवस्था आहे, हे वेस्लीने ओळखलं. मेथडिस्टांचा वर्ग त्यातून उभा राहिला. दर आठवड्याला ठरलेली माणसं भेटणार आणि कसं चाललंय ते एकमेकांना विचारणार. कॅथलिक-प्रोटेस्टंट भेद बाजूला ठेवून आमच्या धर्मग्रामांनी हे उचलावं.

माझी मागणी नेमकी आहे. चार-पाच जणांचा गट असावा, रविवारच्या मिस्सानंतर अर्धा तास बसावं. प्रत्येकाने एकच गोष्ट हाती घ्यावी, पाच नव्हे. जी सवय सोडायची तिच्या जागी काय येणार हेही बोलावं, कारण झाडून रिकाम्या ठेवलेल्या घरात आधीचा दुष्ट आत्मा आणखी सात जणांना घेऊन परततो, असं येशूने सांगितलं आहे. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवला तर त्या वेळात काय करायचं, हे ठरलेलं नसेल तर तो परत उशाशी येतो. चुकलेला दिवस गटात आधी सांगायचा आणि गटाने लगेच विचारायचं की उद्या कुठल्या वेळी बसणार.

आणि मुलांना या गटात ढकलून आम्ही बाहेर उभं राहू नये. जेवताना फोन चाळणारे वडील, लग्नाच्या आदल्या रात्री पोरांच्या हातात ग्लास देणारे काका, रोझरीची वेळ मालिकेला देणारे आम्ही सगळे यात येतो. पुढच्या राखेच्या बुधवारी प्रत्येक गटात पालकांच्या पिढीतले दोघे असावेत, आणि आठवड्यात आपलं काय चुकलं ते मुलांसमोर पहिल्यांदा त्यांनी सांगावं.