मजुरीच्या बिलांतील खोटी ओळ

आमच्या खेड्यांतील कित्येक तरुण आय.टी.आय.मध्यें एसी दुरुस्तीचें काम शिकून पुण्यास जातात. त्यांपैकीं एक पावसाळ्यांत घरीं आला असतां त्यानें आम्हांस पुढील हकीकत सांगितली.

एका घरीं एसी थंड हवा देईना. बाहेरच्या पेटींतील पंख्याची तार ढिली झाली होती. ती बसवून त्यानें बिलांत 'तपासणी व तार जोडणी, ५०० रुपये' असें लिहिलें. घरमालक संतापून म्हणाला, "पांच मिनिटांचे पांचशें?" दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या घरीं तोच दोष निघाला. तेथें त्यानें 'गॅस भरला, २,५०० रुपये' असें लिहिलें, आणि मालकानें आनंदानें पैसे देऊन वर चहा पाजला. "पाळकसाहेब, खरें लिहिलें तर शिव्या, खोटें लिहिलें तर चहा. मग मीं काय करावें?"

हा गॅस म्हणजे कंदिलांतील तेल नव्हे. तो बंद नळ्यांतून फिरत खोलींतील उष्णता बाहेर नेतो. जळून खर्च होत नाहीं. कमी झालाच तर कोठें तरी गळती असते, आणि ती न बुजवितां गॅस भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय. किती भरावयाचा हें यंत्राच्या पट्टीवर छापलेलें असतें, व प्रामाणिक कारागीर तो काट्यावर तोलून भरितो. घरमालकास यांतील कांहींच ठाऊक नसतें. जें त्यास दिसत नाहीं तेथेंच त्यास लुबाडणें ही चोरी होय. पोटाची सबब तिला पुरत नाहीं. (नोंदणी नसतां बिलांत १८ टक्के जी.एस.टी. लावून तो खिशांत घालणारेही आहेत. त्यांच्याविषयीं कायदाच बोलतो.)

तथापि पहिल्या घरमालकासही आम्ही मोकळें सोडीत नाहीं. वस्तु दिली तर पैसे, ज्ञान दिलें तर घासाघीस, ही आपली जुनी खोड आहे. दोष पांच मिनिटांत सांपडला, कारण तो शोधावयास शिकण्यांत त्या मुलाचीं दोन वर्षें गेलीं. त्यानें तासभर उगाच खटपट केली असती तर तेच पैसे निमूटपणें मिळाले असते! आम्हीं स्वतः गेल्या वर्षीं विहिरीवरील पंपाच्या मिस्त्रीशीं असाच वाद घातला, हें येथें कबूल करणें भाग आहे.

आम्हीं त्यास सुचविलें कीं, तपासणीचा आकार घरांत पाय ठेवण्यापूर्वींच सांगावा, आणि जास्तीचे २,००० रुपये परत करावे. तो बराच वेळ गप्प बसला. गेल्या आठवड्यांत त्याचा फोन आला. पैसे परत केले. मालकानें सगळेच २,५०० मागून घेतले, आणि तार जोडल्याचे कांहीं दिलें नाहीं.