मुलांसाठी वेगळं काही नाही

मालवण-वेंगुर्ल्याकडे सहकुटुंब निघालेली माणसं ओळखीपाळखीत एक प्रश्न हमखास विचारतात: तिथे मुलांसाठी काय आहे? उत्तर सोपं असतं. तारकर्लीचा समुद्र आहे, देवबागला होडी आहे, नशीब असेल तर डॉल्फिन दिसतात. सिंधुदुर्ग किल्ला आहे, आणि चहूकडून खाऱ्या पाण्याने वेढलेल्या त्या किल्ल्यात दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, त्यांत मुलं वाकवाकून बघतात. 1997 साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि त्यानंतर ही यादी वाढतच गेली. चार दिवस मजेत जातात, यात शंका नाही.

या यादीत त्या मुलखाची कला मात्र सहसा नसते. असलीच तर हॉटेलच्या अंगणात जेवणाआधी तासाभराचा कार्यक्रम म्हणून असते. दशावताराचं नाटक रात्रभर चालतं, चित्रकथीची चित्रं जुनी आणि कथा लांब, मुलं कंटाळतील, असा हिशेब त्यामागे असतो. मला हा हिशेब उलटा वाटतो. दक्षिण कोकणातल्या या कला घरादाराने एकत्र बसून बघायच्या म्हणूनच घडल्या आहेत. त्यांत मुलांसाठी वेगळं असं काही काढून ठेवलेलं नाही, आणि मुलं त्यांत रमतात ती त्यामुळेच. हे कसं घडतं ते दशावतारात सर्वांत स्पष्ट दिसतं.

कार्तिकात जत्रा सुरू होतात. कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी, मालवण या तालुक्यांत मग जवळजवळ रोज कुठल्या ना कुठल्या गावी जत्रा असते, ती थेट पावसाळा तोंडावर येईपर्यंत. संध्याकाळपासून बायका देवीची ओटी भरायला येतात. देवळाच्या आवाराबाहेर खाज्याचे ढीग लागतात, गुळात घोळलेलं आणि आल्याच्या वासाचं ते खाजं घेतल्याशिवाय कोणी घरी जात नाही. रात्री पालखी देवळाभोवती फिरते. ती जागेवर बसली की मग नाटक, म्हणजे बहुधा मध्यरात्रीच्या आसपास. तोवर लहान मुलं आईच्या किंवा आजीच्या मांडीवर झोपलेली असतात. मृदंगावर थाप पडते, झांज वाजायला लागते, आणि चटईवरून हाक येते, “ऊठ रे, संकासूर इलो बघ!”

पोर डोळे चोळत उठतं. समोर काळ्या कपड्यातला, लांब लाल जीभ लोंबणारा संकासूर नाचत असतो. ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा हा राक्षस, पण बोलतो अस्सल मालवणीत, आणि बोलता बोलता गावातल्या कोणाची तरी टोपी उडवतो. गेल्या वर्षी कोणाच्या बागेत काय झालं, कोण मुंबईहून येऊन किती भाव खातो, हेही त्याला ठाऊक असतं. मुलं आधी घाबरतात, मग हसतात, मग पुन्हा घाबरतात. शेवटी विष्णू येतो आणि संकासुराला मारून वेद परत आणतो. हा झाला आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा भाग. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, आणि पुष्कळसा हा क्रम ठरलेला असतो. ठरलेला असतो म्हणूनच तो पोराचा होतो. मागच्या जत्रेत पाहिलेला गणपती या जत्रेत पुन्हा तसाच आला की पाच वर्षांच्या मुलाला जाणकार झाल्यासारखं वाटतं. हल्ली वेळेच्या ओढीने आडदशावतार पुष्कळ ठिकाणी आवरता घेतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण रात्रभराच्या त्या खेळात मुलांना आत घेणारं दारच तिथे अरुंद होतं.

मग आख्यान लागतं. अभिमन्यू, बब्रुवाहन, सुधन्वा, कुठलंही. लिहिलेली संहिता नसते. कथा सगळ्यांना माहीत, कोणता प्रवेश कुणानंतर एवढं आधी ठरलेलं, आणि संवाद मात्र उभ्या उभ्या सुचतील तसे. राजपार्ट करणारा नट पायपेटीच्या सुरावर आणि मृदंगाच्या तालावर असा काही नाचत प्रवेश करतो की जमीन हादरावी. नंतर दोन पात्रं समोरासमोर उभी राहतात आणि धर्म, कर्म, पतिव्रता, राजनीती यांवर अर्धा अर्धा तास वाद घालतात. पुराणातला एक दाखला आला की त्याला छेद देणारा दुसरा. वयस्क मंडळी इथे सावरून बसतात. कोण कुठे अडकला आणि कसा सुटला, हे ती सकाळी चहाच्या टपरीवर बारकाईने बोलतात. आणि याच वेळी मुलं पुन्हा झोपतात.

या झोपेला दशावतारात पूर्ण मान आहे. मूल झोपलं म्हणून कोणी त्याला घरी नेत नाही, कंटाळलं म्हणून कोणी खजील होत नाही. पुढे युद्ध आहे, तेव्हा तलवारींच्या खणखणाटाने ते आपोआप उठणार आहे. स्त्रीपार्टाचं रडणं लागलं की आजी डोळ्यांना पदर लावते, नातवंड तिच्याकडे बघत राहतं. पहाटे दहीकाला होतो, हंडी फुटते, तेव्हा तर सगळेच जागे. म्हणजे एकाच रात्रीत भीती, हसू, झोप, लढाई आणि काला असं सगळं मुलाच्या वाट्याला येतं. मधला वादविवाद त्याच्या डोक्यावरून गेला तरी वाया जात नाही. तेच आख्यान ते बारा-तेराव्या वर्षी पुन्हा बघेल तेव्हा त्यातलं अर्धं त्याला कळेल, आणि चाळिशीत बघेल तेव्हा नटाने कुठे चतुराई केली तेही कळेल. ज्या खेळात सगळंच्या सगळं पाचव्या वर्षी कळतं, तो दहाव्या वर्षी परत कोण बघणार?

रंगमंचावर असतं काय? एक बाकडं. त्यावर चादर टाकली की सिंहासन, नट त्यावर उभा राहिला की पर्वत, त्याच्याभोवती धावत फेरी मारली की रथ. वेशभूषा झगझगीत, चेहरे स्वतः नटाने रंगवलेले, बाकी सामान एका पेटाऱ्यात मावेल इतकं. पूर्वी हा पेटारा डोक्यावर घेऊन मंडळी गावोगाव चालत जात. आता गाड्या आल्या, आणि ट्रिकसीनची नाटकंही आली, त्यांत धूर निघतो, नाग फणा काढतो. मुलांना ते आवडतं, आणि मंडळींनाही पोट आहे, तेव्हा त्याला नावं ठेवायचं मला कारण नाही. तरी बाकड्याचा पर्वत मला अधिक मोलाचा वाटतो, कारण त्या पर्वताचं निम्मं काम बघणारं पोर करत असतं.

हीच घडण कुडाळजवळच्या पिंगुळीत निराळ्या रूपात दिसते. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे सुट्या कागदांवर रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रं आणि ती पुढे ठेवून गायलेली, सांगितलेली कथा. एका कथेची चित्रं मिळून एक पोथी. पाठीला पाठ लावून दोन कागद चिकटवलेले, त्यामुळे दोन्ही बाजूंना चित्र. सांगणारा एक पान उभं करतो, हातात वीणा, साथीला टाळ आणि हुडूक. टपोऱ्या डोळ्यांचे योद्धे, बहुतेक एका अंगाने दिसणारे, रथ, बाण, राक्षस. मूल आधी चित्रात शिरतं: या हत्तीला किती दात, या राक्षसाच्या हातात काय? मोठ्यांचं लक्ष ओवीत आणि अर्थात असतं. पान बदललं की दोघेही एकदम मान उचलतात. सावंतवाडी संस्थानचा या कलेला आश्रय होता, देवळांतून कथा करण्याचा मान घराण्यांना वाटून दिलेला होता. तो आश्रय गेल्यावर कला ओसरत चालली. त्याच पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं, त्याचं नाव ठाकर आदिवासी कला आंगण. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे चित्रकथीबरोबर कळसूत्री बाहुल्या आहेत, पडद्यामागून दिसणाऱ्या चामड्याच्या छायाबाहुल्या आहेत. पर्यटकांसाठी कला दाखवायची तर अशी दाखवावी असं मला वाटतं. कलावंत हॉटेलात येऊन पाहुण्यांच्या जेवणाची वेळ सांभाळत नाही, पाहुणेच त्याच्या अंगणात जाऊन बसतात.

सावंतवाडीच्या गंजिफाबद्दल थोडक्यात सांगतो. दशावतारी गंजिफात 120 पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. पत्ते गोल, हाताने रंगवलेले. मत्स्याला मासा, परशुरामाला परशू, वामनाला कमंडलू अशा खुणा. तिघांनी खेळायचं, प्रत्येकी चाळीस पाने. दिवसा खेळायला बसलं तर रामापासून सुरुवात, रात्री बसलं तर कृष्णापासून. इथेही तेच: ज्याला अक्षरओळख नाही ते पोर कासव आणि मासा ओळखतं, आणि आजोबा हातात काय काय उरलं याचा हिशेब ठेवतात. हा हुन्नर विसाव्या शतकात विझत आला होता. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून तो समजून घेतला आणि राजवाड्यात चित्रकार बसवून पुन्हा सुरू केला. राजवाड्यात हे काम चालू असताना बघता येतं. चितार आळीतली लाकडी फळं आणि खेळणी मुलं स्वतःच शोधून काढतात, तिथे न्यावं लागत नाही.

आता यावर एक आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. गावातल्या मुलाला अभिमन्यू घरूनच माहीत असतो, तेच आख्यान ते दहा जत्रांत बघतं. पुण्या-मुंबईहून चार दिवसांसाठी आलेल्या मुलाला एका रात्रीत काय मिळणार? भाषाही अर्धी मालवणी, अर्धी पुराणातली. कथेपुरतं बघितलं तर फार मिळणार नाही, हे कबूल. पण दुसरं एक मिळतं, आणि शहरातल्या मुलांना ते फार क्वचित मिळतं. सुट्टीत आईबाप सारखे मुलांकडे बघत असतात. मजा आली का, भूक लागली का, अजून एकदा होडीत बसायचं का? समुद्रसुद्धा त्याच्यासाठीच मांडल्यासारखा. जत्रेत हे उलट होतं. पाच-सहाशे माणसं जमिनीवर बसून एका बाकड्याकडे डोळे लावून असतात, आणि त्यांतल्या कोणाचंही लक्ष त्या पोराला रमवण्याकडे नसतं. वाडीतला सुतार, बागायतदार, शाळेतले गुरुजी, मासळी विकणाऱ्या बायका, सगळे स्वतःसाठी, स्वतःच्या आवडीने जागत असतात. नटाने एखादा नेमका दाखला दिला की मागून “वा!” येते. मोठी माणसं इतक्या मनापासून काहीतरी बघतात, म्हणजे त्यात काहीतरी असलं पाहिजे, ही खूण मुलाला पटते. आवड अशीच लागते. मुद्दाम मुलांसाठी केलेल्या कार्यक्रमाला ही एक गोष्ट कधीच देता येत नाही, कारण तिथे मोठी माणसं घड्याळाकडे बघत असतात.

म्हणून कोकणात मुलांना न्यायचं तर मे महिन्याच्या जोडीला डिसेंबर-जानेवारीचाही विचार करा. नाताळच्या सुट्टीत जत्रा भरात असतात. फार मोठी जत्रा नको. आंगणेवाडीच्या भराडीदेवीला लाखोंनी माणसं लोटतात, शिवाय तिची तारीख पंचांगात सापडत नाही, ती देवीच्या कौलाने ठरते. त्या गर्दीत लहान मुलाला नाटक दिसणारही नाही. आडवाटेची, एका गावाची जत्रा बरी. उतरलात तिथल्या घरात किंवा नाक्यावरच्या दुकानात विचारा, “आज जत्रा खंय आसा?” सांगणारा वाटही दाखवील. सोबत चटई घ्या, मुलासाठी कानटोपी घ्या, थंडी पहाटे वाढते. दुपारी मुलाला भरपूर झोपू द्या. देवळात बसायची रीत विचारून बसा, आजीच्या वयाची कोणी शेजारी असेल तर उत्तम, ती मुलाला संकासूर दाखवील आणि तुम्हाला आख्यान. कुठलं आख्यान लागणार आहे हे मात्र संध्याकाळीच विचारून ठेवा, म्हणजे जाताना वाटेत तेवढी गोष्ट मुलाला सांगून होईल.